गाडी पुढं गेली आणि लगेच डावीकडं वळली

प्रश्न असा आहे: कोथरूडहून बाणेरला रोज सायकलनं ऑफिसला जायला दीड महिन्यापूर्वी सुरुवात केली. लॉ कॉलेज रस्ता, सेनापती बापट रस्ता, विद्यापीठ चौक, मग पाषाण रस्ता. गेल्या आठवड्यात लॉ कॉलेज रस्त्यावर एक कार मला ओलांडून पुढं गेली आणि लगेच डावीकडच्या गल्लीत वळली. मी करकचून ब्रेक दाबले, पडता पडता वाचले. रागाच्या भरात तिच्या मागच्या काचेवर थाप मारली. चालक उतरला, दहा मिनिटं भांडण झालं. "सायकलची एवढी हौस असेल तर टेकडीवर जा," म्हणाला. जमलेल्यांतले निम्मे त्याच्याच बाजूचे. चूक कुणाची? आणि मी सायकल सोडून द्यावी का?

चूक त्याची, आणि सायकल सोडू नका. खरं तर उत्तर इथंच संपतं. पण उद्या तुम्ही त्याच रस्त्यानं जाणार, तशीच दुसरी कार येणार, आणि तेव्हा 'चूक त्याची होती' या वाक्याचा हाडांना काही उपयोग नसतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी बावीस वर्षं बस आणि ट्रकच्या चालकांना शिकवतो. त्याआधी नऊ वर्षं स्वतः ट्रक चालवला. कामावर मात्र जातो सायकलनं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सुरू केली, मग सुटली नाही. त्यामुळे सकाळी जे लोक मला हॉर्न मारून कडेला दाबतात, त्यांचेच भाऊबंद दुपारी माझ्यासमोर वर्गात बसलेले असतात. दोन्ही बाजूंच्या शिव्या मला तोंडपाठ आहेत.

त्या चालकानं तुम्हाला पाहिलंच नव्हतं, असं तुम्हाला वाटत असेल. मला तसं वाटत नाही. न पाहता त्यानं ओलांडलं नसतं. त्याचा हिशेब चुकला. आपल्याकडच्या चालकाच्या डोक्यात सायकल म्हणजे दूधवाल्याची काळी सायकल, ताशी दहा-बारा किलोमीटर. तुमची गिअरची सायकल सपाटीवर वीसनं सहज जाते. समजा तो पस्तीसनं तुम्हाला ओलांडून गेला. दोन सेकंदांत तो तुमच्या आठेक मीटर पुढं. त्याच्या दृष्टीनं तुम्ही मागं पडलात, विषय संपला. मग वळण्यासाठी त्यानं वेग दहावर आणला. तुम्ही अजून वीसवरच. ते आठ मीटर तीन सेकंदांत संपतात, आणि त्यातला एक सेकंद तर काय चाललंय हे कळण्यातच जातो. तुम्ही त्याला 'कट मारला' म्हणता. तो म्हणतो, "मी तर कधीच पुढं गेलो होतो, ही बाई मागून येऊन आदळली." आणि तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं वाटतं.

वाटतं म्हणून बरोबर होत नाही. वळणाऱ्यानं सरळ जाणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा ड्रायव्हिंग स्कूलमधला पहिल्या आठवड्याचा धडा. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीत पादचारी, सायकलस्वार, मुलं, वृद्ध, अपंग यांची विशेष काळजी घेणं हे चालकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. वर्गात मी इतकंच सांगतो: वळायला पन्नास मीटर उरलेत आणि पुढं सायकल आहे, तर ओलांडायचं नाही, तिच्या मागं राहायचं. चार-पाच सेकंद जातात. आणि डावीकडं स्टिअरिंग फिरवण्याआधी डावा आरसा बघायचा. तो उघडा असेल तर. निम्म्या शहरानं तो गर्दीत घासतो म्हणून मिटून ठेवलेला असतो, आणि स्कूटरवाल्यांना तर डावीकडं आरसा असतो हेच माहीत नाही.

माझा भाचा जर्मनीत आहे. तिथं रस्ता उजवा, म्हणून उजवीकडं वळण्याआधी मान वळवून खांद्यावरून मागं बघावं लागतं. नुसतं आरशात बघणं पुरत नाही, आणि मान वळवली नाही तर लायसन्सच्या परीक्षेत नापास व्हायची पाळी येते. पुण्यात सहा वर्षं कार चालवून गेलेल्या या गृहस्थाला तिथल्या शिक्षकानं आधी मान वळवायला शिकवलं. सायकल ओलांडताना शहरात किमान दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर सोडायचं, हेही तिथं २०२० पासून नियमात आकड्यानिशी आहे. आपल्याकडं 'सुरक्षित अंतर' आहे, आकडा नाही. मग ज्याची जितकी घाई, तितकं त्याचं सुरक्षित अंतर कमी.

आता तुमच्याकडं येतो. तुम्ही लिहिलेलं नाही, पण पैजेवर सांगतो, त्या वेळी तुम्ही रस्त्याच्या अगदी डाव्या कडेनं, पांढरी रेघ आणि फुटपाथ यांच्यामधल्या पट्टीतून चालला होतात. सगळे नवे तसेच चालतात. आपण कमी वेगाचे, कुणाला अडचण नको, असा भिडस्तपणा. पण त्या पट्टीत चेंबरची झाकणं असतात, पावसाळी गटाराच्या जाळ्या असतात (फटी रस्त्याच्या दिशेनं असल्या की बारीक टायर अलगद आत), वाळू असते, पेव्हर ब्लॉकची उचकटलेली कड असते. ते चुकवायला तुम्ही अचानक उजवीकडं सरकता, आणि मागच्याच्या मनात 'या सायकलवाल्यांचा भरवसा नाही' हे पक्कं होतं. दुसरं असं, की तुम्ही कडेला चिकटलात की मागच्याला वाटतं याच लेनमधून आपण निघू. तुम्ही होऊन त्याला बोलावलेलं असतं.

कडेपासून साधारण एक मीटर सोडून चाला. रस्ता अरुंद असेल, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा, तर लेनच्या मधोमध चाला. डावीकडं गल्ली येणार असेल तर तीसेक मीटर आधी उजव्या खांद्यावरून मागं बघा, हात दाखवा, आणि आणखी थोडं उजवीकडं या. मग मागच्याला दोनच पर्याय राहतात: पूर्ण लेन बदलून ओलांडणं किंवा चार सेकंद थांबणं. तुमच्या पुढं जाऊन डावीकडं घुसण्याची जागाच उरत नाही. गल्ली गेली की पुन्हा डावीकडं सरका आणि जमलं तर हात हलवून त्याला जाऊ द्या. पहिले दोन दिवस हॉर्न वाजतील. वाजू द्या. हॉर्न वाजवतोय म्हणजे त्याला तुम्ही दिसताय. मला भीती वाटते ती हॉर्न न वाजवता जवळून जाणाऱ्याची.

मागं वळून बघण्याचा आणखी एक फायदा आहे, तो मला केबिनमध्ये बसून कळला. सायकलस्वारानं मान वळवून चेहरा दाखवला की चालकाचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठतो. पाठ दिसते तोवर ती एक वस्तू असते. चेहरा दिसला की माणूस होतो. यामागचं मानसशास्त्र मला विचारू नका, पण शेकडो वेळा पाहिलंय.

उभ्या गाड्यांच्या रांगेशेजारून जाताना दाराच्या पूर्ण रुंदीएवढी जागा सोडा. आतल्या माणसाचं डोकं, नुकताच विझलेला ब्रेकलाइट, ही दार उघडण्याची चिन्हं. कारमध्ये बसणाऱ्यांसाठीही एक साधी सवय सांगून ठेवतो: दार लांबच्या हातानं उघडा. उजवीकडं बसलेल्या चालकानं डाव्या हातानं. आपोआप कंबर वळते आणि नजर मागं जाते. रिक्षाचं तंत्र वेगळं. रिक्षाकडं बघू नका, पुढं फुटपाथवर हात वर करून उभ्या असलेल्या माणसाकडं बघा. रिक्षा कुठं थांबणार ते तो ठरवतो.

बसबद्दल मात्र जरा रेंगाळतो, कारण कारवाला भांडतो, बस मारते. वर्गात मी एक प्रयोग करतो. चालकाला बसच्या सीटवर बसवायचं आणि दुसऱ्यानं सायकल घेऊन डाव्या पुढच्या कोपऱ्याशी उभं राहायचं. "दिसतोय का?" "नाही." एक पाऊल मागं. "आता?" "नाही." पुढच्या दाराच्या खाली, पुढच्या चाकाच्या आसपास, सायकल आणि सायकलवाला दोन्ही गिळून टाकणारी जागा आहे. पंधरा-पंधरा वर्षं बस चालवलेले लोक खाली उतरून बघतात, तो माणूस खरंच तिथं होता का म्हणून. पूर्वी ट्रकवर क्लीनर असायचा. डावीकडं खिडकीत बसून पत्र्यावर थाप मारायचा, ओरडायचा, तोच डावा आरसा होता. आता बहुतेक ट्रकांवर चालक एकटा. बसमध्ये कंडक्टर असतो, पण तो तिकिटात गुंतलेला. त्यानं डबल बेल दिली की बस निघते, आणि तुम्ही नेमक्या त्याच क्षणी डावीकडून पुढं काढत असता.

लांब गाडीची आणखी एक खोड लक्षात ठेवा. डावीकडं वळण्याआधी ती थोडी उजवीकडं जाते, कारण मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, कोपरा आतून कापतात. तिला उजवीकडं सरकताना पाहून सायकलवाल्याला वाटतं डावीकडं वाट मोकळी झाली. तो आत शिरतो. मग ती वळते. हे मी तीन वेळा डोळ्यांनी पाहिलंय. त्यातल्या एकाबद्दल मी लिहू शकत नाही. सिग्नलला बस, डंपर, मिक्सर उभा असेल तर त्याच्या डावीकडून पुढं जायचंच नाही. मागं थांबा, धूर खा. चालकाचा चेहरा तुम्हाला त्याच्या आरशात दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

आता ती थाप. तुमच्या जागी मी असतो तर मीही मारली असती, पंचवीस वर्षांपूर्वी मारलीही आहे. तरीही नका मारू. बंद काचेच्या गाडीत बसलेल्या माणसाला बाहेरचं फारसं ऐकू येत नाही, आणि एकदम डोक्यामागं धाडकन आवाज होतो. तो दचकतो, आणि उतरेपर्यंत त्या दचकण्याचा राग झालेला असतो. त्यात गाडीला हात लावणं म्हणजे आपल्याकडं अंगाला हात लावल्यासारखं आहे. हप्ते फिटायचे असतात. त्या क्षणापर्यंत विषय 'तू चुकीचा वळलास' हा होता. थापेनंतर विषय 'माझ्या गाडीला हात का लावलास' हा झाला, आणि जमलेल्या निम्म्या लोकांनी पहिला भाग पाहिलेलाच नव्हता. भांडणारे दोघंही घाबरलेले असतात, एवढं मला इतक्या वर्षांत कळलंय. पण त्याला पत्र्यावर ओरखडा येण्याची भीती असते आणि तुम्हाला खुबा मोडण्याची. दोघांनाही सारखंच समजावणाऱ्या लोकांचा मला म्हणूनच कंटाळा येतो.

त्याऐवजी मोठ्यानं ओरडा. शब्द कोणताही चालेल, मी "ओ!" म्हणतो. घंटीपेक्षा माणसाचा आवाज लवकर पोचतो. मग नंबर लक्षात ठेवा आणि पुढं निघा.

सायकलवाल्यांची बाजू मांडताना आपल्याच लोकांचे उद्योग झाकायचे नाहीत. राँग साइडनं येणारा सायकलवाला वीसनं येतो आणि समोरचा चाळीसनं, म्हणजे दोघांमधलं अंतर साठच्या वेगानं संपतं. शिवाय गल्लीतून मुख्य रस्त्यावर डावीकडं वळणारा चालक उजवीकडं बघत असतो, तुमच्या बाजूला बघतच नाही. सिग्नल तोडणं, कानात इअरफोन. रविवारी पहाटे खडकवासल्याच्या रस्त्यावर चार-चार जण शेजारी शेजारी, गप्पा मारत. दोघं शेजारी ठीक आहे, मागून गाडी आली की एकामागं एक. संध्याकाळी दिव्याशिवाय निघणं तर अक्षम्यच. आमच्या लहानपणी दिवा नसलेल्या सायकलवाल्याला पोलीस अडवायचा आणि चाकातली हवा सोडायचा. आता कोण विचारत नाही, आणि दिवे दोनशे रुपयांत मिळतात.

पण हे सगळं लिहिताना मला वेगळाच माणूस दिसतोय. तुमचं-माझं भांडण होतं कारण आपल्याला भांडता येतं. सोसायटीचा वॉचमन, बिगारी, पहाटे पेपर टाकणारा मुलगा, हे कुणाच्या काचेवर थाप मारत नाहीत. गाडी अंगावर आली तर सायकलवरून उतरून कडेला उभे राहतात आणि वाट देतात. त्यांची काळी सायकल रात्री दिसत नाही, अंगातला शर्ट गडद, रिफ्लेक्टर कधीच गळून पडलेला. ऊस हंगामात कारखान्यांच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर बिनदिव्याचे चालतात, आणि त्याच रस्त्यांवरून शाळेतल्या मुली सायकलनं घरी येतात. देशात २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातले सायकलस्वार तीन टक्क्यांच्या आसपास. आकडा लहान वाटतो, पण ती माणसं कमीत कमी गवगवा होऊन जातात. सायकलींच्या गटांना माझं एकच मागणं असतं: जर्सीसाठी वर्गणी काढता, त्यात शंभर रिफ्लेक्टर पट्ट्या घ्या आणि आपल्याच सोसायटीच्या गेटवर उभ्या असलेल्या सायकलींना चिकटवा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. सायकलला लायसन्स, विमा लागत नाही, पण म्हणून तुम्ही बेवारस नाही. मोटारीचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि त्यातली थर्ड पार्टी म्हणजे तुम्हीच. धडक बसली तर चालकानं थांबून मदत करणं बंधनकारक आहे. तुम्ही ११२ ला फोन करा, नंबर प्लेटसकट फोटो काढा, 'काही नाही झालं' म्हणून उठून निघून जाऊ नका. अंगात ॲड्रेनालिन असेपर्यंत मोडलेलं हाडसुद्धा कळत नाही. रुग्णालयात अपघात म्हणून नोंद करायला सांगा. घरी पडले, असं लिहू देऊ नका, पुढं सगळा दावा त्या एका ओळीवर अडतो. मे २०२५ पासून मोटार अपघातातल्या जखमींसाठी पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे. नुकसानभरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत करायचा. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तरी गंभीर दुखापतीला पन्नास हजार आणि मृत्यू झाल्यास दोन लाखांची तरतूद आहे. आणि रस्त्यात पडलेल्याला उचलून नेणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय अडकवू शकत नाही, हे कायद्यातच आहे. बघ्यांना हे ओरडून सांगा.

"सायकल ट्रॅकवरून का नाही जात?" हेही कुणी तरी तुम्हाला म्हणालं असेल. एके काळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या या गावात ट्रॅक आहेत, तुकड्यातुकड्यांनी. त्यांवर खांब आहेत, टपऱ्या आहेत, उभ्या दुचाक्या आहेत. फुटपाथ किंवा सायकल ट्रॅकवर मोटार चालवायला मनाई आहे, तरी सिग्नलला त्यावरूनच शॉर्टकट निघतो. आणि मुख्य म्हणजे चौक आला की ट्रॅक संपतो. जिथं गाड्या वळतात, जिथं आपल्याला मारतात, तिथंच तो आपल्याला सोडून देतो. सरळ रस्त्यावर ट्रॅक आणि चौकात रामभरोसे, याला मी तरी सोय म्हणत नाही. त्यापेक्षा गाड्यांचा वेग उतरवलेला मला जास्त आवडेल. ताशी तीसनं येणारी कार ब्रेक लावून थांबायला, चालकाचा एक सेकंद धरून, तेरा-चौदा मीटर घेते. पन्नासनं येणारी अठ्ठावीस. मधले चौदा मीटर म्हणजे तुमच्या सोसायटीचं गेट आणि पलीकडचा किराणावाला.

रस्ता तोच ठेवा. चांदणी चौकातून बावधनमार्गे जवळ पडेल असं कुणी सुचवलं तर पहिले सहा महिने नको. तिथं उजवीकडून, डावीकडून रॅम्प येऊन मिळतात, आणि भरधाव गाड्यांमध्ये लेन ओलांडायला सराव लागतो. विद्यापीठ चौकात सरळ उतरून पादचाऱ्यांबरोबर सायकल ढकलत न्या. मी एवढ्या वर्षांनंतरही तसंच करतो, लाज वाटत नाही. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. हेल्मेट घाला, पण ते पडल्यावरचं आहे, पडण्याआधीचं नाही. आरसा उजव्या मुठीला लावा.

आणि पाषाण रस्त्यावर एक गोष्ट. सकाळी तुम्ही पश्चिमेला जाता, ऊन पाठीवर असतं, सगळं स्वच्छ दिसतं, म्हणून बिनधास्त वाटतं. समोरून येणाऱ्याच्या मात्र काचेवर थेट सूर्य असतो. त्याला उजवीकडं वळायचं असेल तर तो तुमच्या समोरून आडवा जाणार, आणि त्याला तुम्ही दिसत नसता. आपली सावली आपल्या पुढं लांब पडलेली दिसली की ओळखायचं आणि ब्रेकवर बोटं ठेवायची. संध्याकाळी परत येताना पुन्हा तेच, फक्त सूर्य दुसऱ्या बाजूला.